चार हिवाळे आणि एक चौकोनी ढोल

कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. शहराच्या मधोमध एक टेकडी आहे, तिच्यावर जुना किल्ला. सिटाडेल म्हणतात त्याला. आम्ही इथं आलो त्या आठवड्यात त्या आवाजानं माझ्या हातातलं पातेलं सुटलं होतं. आता नऊ वर्षं झाली, कान सरावले. तरी तोफ झाली की क्षणभर मन त्या टेकडीवर जातं, आणि तिथून फार लांब, माझ्या आजोळी.

या दोन जागांना जोडणारा धागा मला उशिरा सापडला. किल्ल्याबद्दल काहीबाही वाचताना 'मरून बुरूज' असे शब्द समोर आले. मराठी डोळ्यांना तो शब्द अडतोच. मरून. कोण मरून? पुढं वाचलं तेव्हा कळलं की १७९६ च्या जुलैमध्ये जमैकाहून तीन जहाजं या बंदराला लागली. त्यांत साडेपाचशेच्या आसपास माणसं होती. लढवय्ये, बाया, पोरं, म्हातारे. उसाच्या मळ्यांवरून पळून डोंगरात आपापल्या वस्त्या करून राहिलेल्या गुलामांचे ते वंशज. इंग्रजांशी झालेली लढाई संपल्यावर त्यांना बेटावरून काढून या थंडीत आणून सोडलं होतं, आणि या टेकडीवर तटबंदीच्या कामाला लावलं होतं. आज दिसतो तो दगडी किल्ला नंतरचा, १८५६ साली पुरा झालेला. त्यांच्या हातचं बांधकाम राहिलं नाही, टेकडी तेवढी आहे.

शब्दाचं मूळ स्पॅनिश. 'सिमारोन' म्हणजे दावं तोडून रानात गेलेलं जनावर. मळेवाल्यांनी तोच शब्द माणसांना लावला आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं मरून झालं. ज्यांना तो लावला त्यांनी तो टाकून दिला नाही. आज जमैकात कुणी स्वतःला मरून म्हणवतो तेव्हा आवाज चढलेला असतो. मी मात्र तो अजून मराठीतच वाचते. मळ्याच्या हिशेबवहीत पळालेल्या माणसाचं नाव एकदा खोडलं की तो मेल्यातच जमा. तिकडं डोंगरात तो कणग्यांचे कंद लावत असतो, पोरांची नावं ठेवत असतो.

त्यांच्या ढोलाकडं मला नेलं ते माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईनं. आम्ही दोघी एका वृद्धसेवा केंद्रात रात्रपाळी करतो. पहाटे तीनच्या सुमाराला सगळे गाढ झोपलेले असतात, मशीनचा बारीक आवाज तेवढा चालू. आम्ही चहा घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या टेबलाशी बसतो. एकदा बोलता बोलता तिची बोटं टेबलावर चालायला लागली. डावा हात एकच चाल धरून होता, न थकणारी, गोल गोल फिरणारी. उजवा मध्येच येई, ती चाल तोडून जाई, पुन्हा येई. मी गप्प होऊन ऐकत राहिले. माझ्या लक्षात आलं आहे हे तिला कळल्याबरोबर तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

तिची आई मूर टाऊनची. जमैकाच्या पूर्वेला ब्लू माउंटन्स आणि जॉन क्रो माउंटन्सच्या कुशीत, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. नॅनी नावाच्या बाईच्या लोकांचं गाव. नॅनी म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी फौजांना डोंगरात जेरीला आणणारी पुढारी. आज ती जमैकाची राष्ट्रवीर आहे आणि पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. तिचं जुनं गाव इंग्रजांनी १७३४ मध्ये घेतलं. तह झाल्यावर, १७४० मध्ये, तिला आणि तिच्या लोकांना पाचशे एकर जमीन लिहून मिळाली. ती जमीन आजही सगळ्यांची सामाईक मानली जाते.

"डावा हात रोलिंग, उजवा कटिंग," ती बऱ्याच दिवसांनी आपणहून म्हणाली. मूर टाऊनला उंच, उभट ढोलांची जोडी असते. एक ढोल चाल सांभाळतो, तो रोलिंग. दुसरा त्या चालीला कापत, छेदत पुढं होतो आणि बोलतो, तो कटिंग. बोलतो हे तिनं सहज म्हटलं. मला वाटलं, आपणही ढोलकीचे, तबल्याचे बोल म्हणतोच की. पण हे तसं नाही. तबल्याचे बोल ही थापांना दिलेली नावं आहेत, धा म्हणजे अमुक थाप, तिट म्हणजे तमुक. मरूनांचे पूर्वज ज्या आकान भाषा बोलत, आजच्या घानातल्या, त्यांत आवाजाच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो. तेच अक्षर वर म्हटलं तर एक, खाली म्हटलं तर दुसरं. अशा भाषेचा चढउतार आणि तिची लय तेवढी ढोलावर काढली तर जाणत्या कानाला वाक्य कळतं. तोंडानं काही म्हणायची गरजच राहत नाही.

शिंगाचंही तसंच. अबेंग म्हणतात त्याला, आकान भाषेत त्याचा अर्थच शिंग. गाईचं शिंग, फुंकायचं भोक टोकाला नसून बगलेला पाडलेलं, आणि टोकाशी एक बारीक छिद्र. ते अंगठ्यानं झाकलं की एक सूर, उघडलं की दुसरा. एवढ्या दोन सुरांवर डोंगरामागच्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारता येते. इंग्रज शिपाई खालच्या दरीत लाल डगले घालून चढत असायचे तेव्हा वरच्या कड्यांवरून हीच शिंगं एकमेकांना ते किती आहेत, कुठल्या वाटेनं येताहेत हे कळवायची. शिपायांनाही आवाज ऐकू यायचा. कळायचं काही नाही.

म्हणूनच मळेवाल्यांना ढोलाची भीती होती. हान्स स्लोन नावाचा डॉक्टर १६८७ मध्ये गव्हर्नरचा वैद्य म्हणून जमैकात गेला आणि सव्वा वर्ष राहिला. परत आल्यावर १७०७ मध्ये त्यानं जे पुस्तक छापलं, त्यात नोंद आहे की गुलाम पूर्वी आपल्या सणावारी ढोल आणि तुताऱ्या वाजवत, पण आफ्रिकेत ही वाद्यं लढाईत वाजतात, ती ऐकून बंड पेटेल, म्हणून त्यांना मनाई करण्यात आली. याच स्लोनच्या संग्रहातून पुढं ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. त्या पहिल्या संग्रहात एक ढोलही आहे. पश्चिम आफ्रिकेत घडवलेला, अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियात सापडलेला. तिकडच्या मूळ रहिवाशांचा ढोल म्हणून तो कित्येक वर्षं नोंदवहीत होता. कसल्या जहाजातून तो गेला असेल याचा मी फार वेळ विचार करू शकत नाही.

पण स्लोनच्या पुस्तकातली मला खिळवून ठेवणारी गोष्ट दुसरीच आहे. एका मळ्यावर गुलामांचा नाचगाण्याचा प्रसंग चालू असताना त्यानं बाप्तिस्त नावाच्या संगीतकाराला ती गाणी स्वरलिपीत उतरवून घ्यायला सांगितलं. ती छापली तीन नावांखाली: अंगोला, पापा आणि कोरोमांटी. ही तीन माणसांची नावं नव्हेत. त्या माणसांना जिथून आणलं त्या मुलखांची, त्या किनाऱ्यांची आहेत. कोरोमांटी हे घानाच्या किनाऱ्यावरच्या कोर्मांटिन या जागेवरून, तिथल्या किल्ल्यातून माणसं जहाजात भरली जात. पापा हे पोपोवरून.

आता मूर टाऊनला या. तिथल्या मोठ्या विधीला 'क्रोमांटी प्ले' म्हणतात. प्ले म्हणजे खेळ, आपल्याकडं देवीचा खेळ म्हणतात त्याच अर्थाच्या जवळचा. ढोल वाजतात, गाणी होतात, आणि पूर्वज कुणाच्या तरी अंगात येतो. बहुधा फेटीमॅनच्या, म्हणजे औषधपाणी आणि भुतंखेतं दोन्ही जाणणाऱ्या भगताच्या. आजारी माणसाचा इलाज करायचा असतो, अडलेलं काही सोडवायचं असतं. सुरुवातीला हलकी गाणी असतात, मन रमवायची. जॉबोन, सा लिओन, तांबू अशी त्यांची नावं. रात्र चढत जाते तशी जड गाणी येतात. पापा. इबो. मांडिंगा. मोंगोला. आणि सगळ्यांत जड, क्रोमांटी. स्लोनच्या पानावरची नावं, अंगोलाचं तेवढं मोंगोला झालेलं. मधे तीनशेहून जास्त वर्षं. राज्यं गेली, मळे बुडाले, गुलामगिरीचा कायदा रद्द झाला, आणि डोंगरातल्या एका गावात ढोलकऱ्याला पापाचा ठेका वेगळा आणि मोंगोलाचा वेगळा हे अजून माहीत आहे.

वेगवेगळ्या मुलखांतली, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं डोंगरात एकत्र आली. त्यांनी एक गाव केलं, एक नातं जोडलं. पण सगळी गाणी ढवळून एक केली नाहीत. प्रत्येक मुलखाला त्याचा ठेका राहू दिला. घरात वेगवेगळ्या सुनांच्या माहेरच्या आरत्या वर्षानुवर्षं तशाच म्हटल्या जाव्यात, तसं हे मला वाटतं.

अंगात आल्यावर बोलली जाणारी भाषा हा आणखी एक चमत्कार. फार जुन्या पूर्वजांशी बोलायला क्रोमांटी, म्हणजे आकानमधून आलेले शब्द आणि वाक्यं. त्यानंतरच्या पिढ्यांतले मृत येतात ते जमैकातली एक जुनी मिश्र इंग्रजी बोलतात, जी आज बाजारात किंवा शाळेत कुणीच बोलत नाही. अभ्यासकांच्या लक्षात आलं की ती समुद्रापलीकडच्या सुरिनाममधल्या मिश्र भाषांशी जुळते. जिवंत माणसांनी टाकून दिलेली भाषा मेलेल्यांच्या तोंडी टिकून राहिली. आणि मेलेले यायचे तर ढोल बरोबर वाजायला हवा. ठेका चुकला तर कुणी येत नाही.

मी हे सगळं वाचलं, १९७० च्या दशकापासून अभ्यासकांनी गावकऱ्यांच्या संमतीनं केलेली ध्वनिमुद्रणं ऐकली आणि उत्साहानं माझ्या मैत्रिणीला विचारलं, अमुक गाण्याचा अर्थ काय? ती म्हणाली, "हलकी गाणी विचार, सांगेन." आणि जड? ती चहाचा कप धुवायला उठली. सिंकपाशी पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "मी लहान होते तेव्हा मलासुद्धा लांब बसवायचे. माझे वडील मरून नाहीत ना."

त्या बसवण्यात राग नव्हता, तिनंच नंतर सांगितलं. बाहेरच्या माणसाला तिथं ओब्रोनी म्हणतात आणि जुन्या पूर्वजांना तो खपत नाही. ज्यांनी आयुष्यभर बाहेरच्यांपासून लपून जीव वाचवला, ते मेल्यावर का खपवून घेतील? अंगात आलेला माणूस हातात कोयता घेऊन नाचतो. त्या क्षणी तो अठराव्या शतकातला असतो आणि समोरचा अनोळखी चेहरा त्याला शत्रूचा वाटू शकतो. म्हणून आधी रम शिंपडून, विनवून, समजूत घालून पाहुण्याची ओळख करून द्यावी लागते.

युनेस्कोनं २००३ मध्ये मूर टाऊनचा हा वारसा मानवजातीचा ठेवा म्हणून जाहीर केला आणि २००८ मध्ये तो अधिकृत यादीत आला. चांगलंच झालं. तरी मला त्या गावाची मोठी करामत वाटते ती ही, की साऱ्या जगानं कौतुक केल्यावरही काही गाणी त्यांनी झाकून ठेवली आहेत. आम्हा मराठी माणसांना अर्थ लागल्याशिवाय चैन पडत नाही. अभंग ऐकला की निरूपण हवं. मी त्या मुद्रणातलं एक गाणं आता कित्येकदा ऐकलं आहे. एकजण काढतो, बाकीचे उचलून धरतात, खाली रोलिंग चालू असतो आणि अचानक कटिंग त्या सगळ्यांच्या डोक्यावरून बोलून जातो. मला एक शब्द कळत नाही. मी आता विचारतही नाही.

एक भाग आहे जो लिहिताना हात जड होतो. १७३९ मध्ये इंग्रजांनी मरूनांशी तह केला. पश्चिमेच्या डोंगराळ कॉकपिट भागात कुजो या पुढाऱ्याशी, पूर्वेला क्वाओ या पुढाऱ्याशी. स्वातंत्र्य दिलं, जमीन दिली. बदल्यात कलम घातलं की यापुढं पळून येणारा गुलाम परत करायचा आणि गुलामांनी बंड केलं तर ते मोडायला मदत करायची. १७६० मध्ये टॅकीचं मोठं बंड झालं, त्यात टॅकीला गोळी घातली ती मरून नेमबाजानं. १८६५ मध्ये मोरांट बेच्या उठावातला पॉल बोगल, तोही आज जमैकाचा राष्ट्रवीर, मरूनांनीच पकडून दिला. ज्यांच्या आज्या-पणज्या रात्रीच्या अंधारात पळाल्या होत्या त्यांनी पळणाऱ्यांना पकडून पैसे घेतले. हे त्यांनी का केलं याची कारणं सांगता येतात. कलम मोडलं असतं तर फौजा पुन्हा आल्या असत्या, आपलं गाव वाचवायचं होतं. कारणं खरी आहेत. पकडून नेलेल्या माणसाच्या पाठीवरचे फटकेही खरे आहेत.

मी हे मैत्रिणीपाशी काढलं तेव्हा मला भीती वाटत होती. ती शांतपणे म्हणाली, "ही बाजू मी वडिलांच्या आईकडून ऐकली. दुसरी बाजू आईच्या आईकडून. मी दोघींची नात आहे."

हॅलिफॅक्सला आलेले मरून होते ट्रिलॉनी टाऊनचे, कुजोच्या लोकांपैकी. १७९५ मध्ये माँटेगो बे इथं त्यांच्यातल्या दोघांना डुकरं चोरल्याच्या आरोपावरून भर लोकांत फटके मारले, तेही एका गुलामाच्या हातून. ठिणगी पडली. काही महिने त्यांनी डोंगरात फौजेला दाद दिली नाही. मग सरकारनं क्यूबाहून माणसांवर सोडायचे शिकारी कुत्रे मागवले, शंभराच्या आसपास. जनरल वॉलपोलनं शब्द दिला की शरण आलात तर बेटाबाहेर पाठवणार नाही. ते आले. गव्हर्नरनं ते वेळेत आले नाहीत असं कारण काढलं आणि त्यांना जहाजात चढवलं. विधिमंडळानं वॉलपोलला मानाची तलवार देऊ केली, ती त्यानं नाकारली. त्या सगळ्या कहाणीत एवढं एकच पान वाचून बरं वाटतं.

बंदरापलीकडं प्रेस्टन नावाची जागा आहे, तिथं त्यांना वसवलं होतं. जमीन खडकाळ, वर झाडी. मी मार्चमध्ये तिथं गाडी थांबवून उतरले होते. बर्फ अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला, पाय ठेवला की काचेसारखा वाजणारा. कणगी नाही, केळ नाही, मिरची नाही. सरकारला त्यांचे ख्रिस्ती शेतकरी करायचे होते. त्यांनी अर्जावर अर्ज केले की आम्हाला उबदार मुलखात न्या. असे चार हिवाळे गेले. १८०० च्या ऑगस्टमध्ये 'एशिया' नावाच्या जहाजानं त्यांना उचललं आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला नेऊन सोडलं. तिथं पाय ठेवताच त्यांना कामाला लावलं ते पुन्हा एक बंड मोडायच्या. ते बंड होतं आठ वर्षांपूर्वी याच हॅलिफॅक्सहून तिकडं गेलेल्या काळ्या माणसांचं, ज्यांना कबूल केलेल्या जमिनी धड मिळाल्या नव्हत्या.

आणि आता तो चौकोनी ढोल.

कुजोचे भाईबंद अजून पश्चिम जमैकात अकोम्पोंग गावी आहेत. १७९५ च्या लढाईत त्यांनी ट्रिलॉनी टाऊनला साथ दिली नाही, म्हणून त्यांचं गाव राहिलं. दर ६ जानेवारीला, कुजोचा जन्मदिवस म्हणून, तिथं जत्रा भरते. किंडा नावाच्या जुन्या आंब्याखाली सगळे जमतात. हो, आंबाच. शिंग फुंकतात, बिनमिठाचं डुकराचं मांस शिजवून पूर्वजांना देतात, आणि गुंबे वाजतो. हा ढोल गोल नाही. एक लहानसं चौकोनी स्टूल डोळ्यांसमोर आणा, चार पायांचं, बसायच्या जागी फळीऐवजी शेळीचं चामडं ताणलेलं. चामड्याच्या खाली आत दुसरी चौकट असते, ती पाचरी ठोकून वर दाबायची. जेवढी पाचर आत तेवढं चामडं ताठ. मुद्दाम स्टुलासारखा केला, म्हणजे साहेबाला तो ढोल वाटू नये, असं बरेच जण सांगतात. मला त्या ढोलात सुताराची अक्कल दिसते. खोड पोखरायला दिवसच्या दिवस लागतात. चार फळ्या, चार पाय आणि एक कातडं मात्र कुठल्याही मुलखात एका संध्याकाळी जमवता येतं.

आणि तसंच झालं. हा चौकोनी ढोल मरूनांबरोबर फ्रीटाऊनला पोचला. तिथं त्याचं नाव गुंबेच राहिलं. फ्रीटाऊनहून सुतार, खलाशी, मजूर किनाऱ्यानं जिथं जिथं कामाला गेले तिथं तो गेला. घानाच्या राजधानीत, आक्रात, गा लोक तसाच एक मोठा चौकोनी ढोल वाजवतात, गोमे म्हणतात. वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि टाच चामड्यावर दाबून सूर बदलतो. ज्या किनाऱ्यावरून माणसं साखळदंडात गेली होती, तिथं त्यांनी परक्या बेटावर घडवलेलं वाद्य फिरून आलं आणि तिथल्या पोरांनी ते आपलं म्हणून उचललं.

जमैका ते फ्रीटाऊन ही वाट हॅलिफॅक्सवरून गेली. म्हणजे गुंबेनं चार हिवाळे इथं काढले. फळ्यांच्या रूपात असो की नुसता कुणाच्या तरी हातांत असो, इथंच काढले, या बर्फात. माझ्या मैत्रिणीच्या बोटांनी स्टीलच्या टेबलावर चाल धरली तेव्हा तिच्याजवळ कुठला ढोल होता? मूर टाऊनला जाऊन तिला अठरा वर्षं झाली आहेत.

आता आजोळाचं सांगते. मी बेळगावची. आईचं माहेर हल्याळ तालुक्यात, रानाच्या कडेला. भात लावणीला आणि काढणीला पलीकडच्या वाडीवरून सिद्दी बाया यायच्या. कुरळ्या केसांच्या, उंच. आमच्याशी मराठी बोलायच्या, आपसात कोंकणी. त्यांच्यातल्या एकीला आम्ही पोरं आज्जी म्हणायचो. ती मला कडेवर घेऊन बांधावरून चालायची. तिच्या हाताला चिखलाचा आणि शेणी पेटवल्याच्या धुराचा वास असायचा. काही रात्री रानातून ढोलाचा आवाज यायचा, अंधारातून लाटांसारखा. माझी आजी पांघरूण सारखं करत म्हणायची, "सिद्द्यांचा डमाम वाजायलाय. झोप."

मी कधी विचारलं नाही की तुम्ही इथं कशा आलात. शाळेच्या पुस्तकात सिद्दी होता तो जंजिऱ्याचा, तोफा आणि आरमारवाला. तो आणि आमच्या शेतात वाकलेली आज्जी यांचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. पुष्कळ वर्षांनी, इथं बर्फात बसून, मरूनांबद्दल वाचताना मला समजलं की पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून गुलाम करून माणसं गोव्यात आणली, त्यांतली कितीतरी तिथून पळाली आणि घाट ओलांडून यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या रानांत शिरली. काही घाटावरच्या सरदार-जमीनदारांच्या पदरी होती, ती सुटून आली. रानात वाड्या झाल्या. कोंकणी बरोबर आली. सिद्दी बायांची फुगडी पाहिलीत तर गोव्याची वाट दिसते, आणि डमाम ऐकलात तर त्याच्याही मागची. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान झाले, तरी यल्लापूरजवळ सातुंबैलला सिद्दीनास नावाचा पूर्वजदेव आहे, त्याला तिन्ही धर्मांचे जातात. सरकारी यादीत अनुसूचित जमात म्हणून उत्तर कन्नडच्या सिद्दींचं नाव यायला २००३ साल उजाडलं. मूर टाऊनचं नाव जगानं घेतलं तेच वर्ष.

दावं तोडून रानात गेलेली माणसं. माझ्या आजोळच्या बांधावर, माझ्याशी माझ्याच भाषेत बोलत होती.

गेल्या मे महिन्यात मी गेले. आज्जी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची सून आता म्हातारी आहे, तिनं मला ओळखलं नाही, पण आईचं नाव सांगितल्यावर ओसरीवर बसवलं आणि बिनदुधाचा चहा दिला. रात्री वाडीत काही कार्य होतं. अंगणात जाळ केला होता आणि तिचा नातू डमामाचं तोंड जाळाकडं धरून बसला होता, मधूनमधून बोटांनी टिचक्या मारत, ताण आला का बघत. पावसाळी हवा, चामडं सैल पडलेलं.

"कुठं असतीस आता?" तिनं विचारलं.

मी हॅलिफॅक्सचं सांगितलं. बर्फाचं सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून त्या माणसांचंही सांगितलं, जमेल तसं. आफ्रिकेतून नेलेली, मळ्यावरून पळालेली, डोंगरात राहिलेली, मग त्या थंडीत आणून टाकलेली. ढोल वाजवणारी. ती माझ्या तोंडाकडं बघत सगळं ऐकत होती. मध्ये एकदा "आमच्यावानीच" एवढं म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "एवढ्या थंडीत चामडं कसं तापवत असतील गे?"

"जाळ करत असतील. चुलीपुढं धरत असतील."

"मग वाजला असंल," ती म्हणाली, आणि नातवाकडं वळून ओरडली, "अरे, लांब धर जरा. करपंल."